शार्पनरवर नसलेले दोन देश

…गंज चढला होता तो नेमका तिथेच. हिंदी महासागराच्या निळ्या रंगावर, मादागास्करच्या उजव्या अंगाला, जिथे मॉरिशस असायला हवं तिथे तांबूस, खरखरीत डाग. आणि वर, आपल्या देशाच्या टोकाच्या जरा डावीकडे, जिथून मालदीवच्या बेटांची माळ सुटायला हवी, तिथे तर सरळ भोकच — पेन्सिल घालायचं भोक. सरिताने तो लिंबाएवढा पत्र्याचा पृथ्वीगोल बोटांत फिरवला, पुन्हा फिरवला. लेकीने, रक्षाने, चौथीत असताना हट्ट करकरून घेतलेला शार्पनर. रक्षा आता बारावीला, आणि शार्पनर कधीचा स्वयंपाकघरात मुक्कामाला आलेला, हळदीच्या डब्याशेजारी, कारण पीएच. डी. करणारी या घरात एकच आणि तिचं टेबल म्हणजे ओटा. ज्या दोन देशांनी आपली एवढी वर्षं खाल्ली ते दोन्ही या पृथ्वीवर नाहीतच की… बनवणाऱ्याची तरी काय चूक म्हणा, रंगाचा थेंबच देशापेक्षा मोठा पडत असेल. आणि आज दुपारी, वर्ध्याच्या कॉलेजात, विद्वान माणसांसमोर उभं राहून आपण सांगायचं, की हे देश आहेत, तिथे शाळा आहेत, आणि तिथली सरकारं त्या शाळांवर काय खर्च करतात नि का करतात. तिला हसू आलं. मग ते मावळलं, कारण पोहे खाली लागले होते.

"जळले ना?" देवघरातून शकुंतलाबाई म्हणाल्या. सासूबाईंचं नाक म्हणजे नाक! "आज तरी त्या बेटायले सोड वं सरिता. पोह्यायकडे पाह्य."

"पाहून राह्यली ना आई."

"पाहून राह्यली म्हणे. कढई इथं अन् जीव समुद्रात."

खोटं नव्हतं ते. जीव समुद्रातच होता, आणि या हिंगणघाटात, जिथे पाणी म्हणजे वेणा नदी आणि तीही उन्हाळ्यात लाजून वाळूत शिरणारी, तिथे एका कापड दुकानदाराच्या बायकोने समुद्रात जीव टाकावा याची मजा साऱ्या गल्लीने पोटभर घेतली होती. विषय मागायला ती गेली तेव्हा मार्गदर्शक सरांकडे कापूस गेलेला होता, सहकार गेलेला होता, संत्रीसुद्धा गेलेली होती. उरली होती बेटं. 'मॉरिशस आणि मालदीव यांच्या शासकीय शिक्षणखर्चाचा तुलनात्मक अभ्यास.' शेजारच्या आनंदाबाईंनी विचारलं होतं, "तिथं आपलं कोन राह्यते वं?" जणू नात्यागोत्याशिवाय कुणी कुणाची चौकशी करूच नये. आणि पहिल्यांदा सायबर कॅफेत गेली तेव्हा तो निकेश, दोन्ही नावं पडद्यावर टाइप करून खुदकन हसला होता — "काकू, काकाजीले सांगितलं का? दोन्हीकडचं टूरचं पॅकेज भल्लं महाग आहे!" तेव्हा कान तापले होते. आज आठवून तिला वाटलं, अरे, त्याला पेढे नेऊन द्यायला हवेत… जर आज पेढ्यांची वेळ आली तर. या 'जर'पाशी तिने कढई खाली उतरवली.

कारण शेवटचं प्रकरण. सगळी मेख तिथे होती.

पहिल्या खर्ड्यात तिने लिहिलं होतं — मॉरिशस शहाणा, मालदीव उधळ्या. असं सरळ नव्हतं लिहिलं, प्रबंधात सरळ कोण लिहितं, पण अर्थ तोच. मॉरिशस म्हणजे मुख्यतः एकच मोठं बेट, उसाच्या मळ्यांतून सडका गेलेल्या, मूल बसमध्ये बसवलं की शाळेत. तिथे खर्चाचा वाटा बेताचा आणि फळ भरघोस. मालदीव म्हणजे समुद्रात सांडलेली शेकडो बेटं, त्यांतल्या वस्तीच्या प्रत्येक बेटावर शाळा, वर्गात मोजकी पोरं, तरी मास्तर हवा, फळा हवा, छप्पर हवं, आणि ते सगळं बोटीतून न्यायला हवं. तिच्या तक्त्यात मालदीवचा दर मुलामागचा भार असा ताडासारखा उभा राहिला होता. कमी गिऱ्हाइकांवर जास्त खर्च करतं ते दुकान बुडीत — हे सासरी तिला कुणी शिकवलं नव्हतं, रोजच्या जेवणातून ते पोटात गेलं होतं. सर खूश झाले होते. "स्वच्छ निष्कर्ष आहे, सरिताताई."

आणि मग तिने तो स्वच्छ निष्कर्ष फाडून टाकला.

सर कपाळाला हात लावून बसले होते. काल फोनवरही तेच — "बाहेरचे परीक्षक कोण आहेत ठाऊक आहे ना? कमी मुलांच्या शाळा बंद करून एकत्र करा, हे त्यांनी जन्मभर मांडलंय. तुम्ही त्यांच्याच तोंडावर उलटं सांगणार! ऐका माझं. ते विचारतील, तेव्हा नरमाईने घ्या. म्हणा, याबाबत अधिक संशोधनाची गरज आहे. एवढं एक वाक्य म्हणा नि खाली बसा. पदवी घ्या, मग काय ते म्हणा." सर प्रेमानेच सांगत होते, तेच तर अवघड. याबाबत अधिक संशोधनाची गरज आहे… साडीच्या निऱ्या घालताना तिने ते वाक्य आरशात म्हणून पाहिलं. बरं दिसत होतं. शालीन दिसत होतं. मेलं, कुणालाही शोभेल असं वाक्य!

दाराशी नवरा, हेमराज, उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. घराच्या पुढच्या अंगाचं दुकान बंद ठेवून तो येणार होता. भरल्या बाजाराच्या दिवशी शटर खाली पाहून समोरचा मोतीलाल धावतच रस्ता ओलांडून आला, चेहरा उतरलेला.

"हेमराजभाऊ, काय झालं गा? कोनी गेलं का घरचं?"

"नाई गा. बायकोची परीक्षा आहे."

मोतीलालने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा शटरकडे, आणि त्याने हात जोडले. सरिताला त्या क्षणी इतकं छान वाटलं की वाक्य, परीक्षक, सगळं विसरायला झालं. वर्ध्याच्या एस. टी.त हेमराजने तिला खिडकी दिली आणि पिशवी मांडीवर घेऊन तो गप्प बसला. गप्पच असतो तो. इतक्या वर्षांत त्याने अभ्यासाला नाही म्हटलं नाही आणि त्यात काय आहे हेही विचारलं नाही. 'बेटं' एवढाच त्याचा शब्द. "बेटं झाले का आजचे?" असं दुपारी जेवायला आल्यावर विचारायचा, कणीक मळून झाली का विचारतात तसं. मला राग यायचा का? यायचा. मग तोही सवयीचा झाला.

खिडकीबाहेर बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले, जिनिंग मिलकडे गेलेल्या गाड्यांनी मागे सांडलेले. असेच पुंजके त्या दिवशीही होते — नदीपलीकडच्या दुकानातला माल आणायला ती हेमराजसोबत गेली होती तेव्हा. बापूजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, हौसेने टाकलेलं लहानसं कापड दुकान. एका खेड्यात, जिथे लुगडं आणि शाळेचा गणवेश सोडला तर फारसं काही खपायचं नाही. बापूजी असेतो ते चाललं. ते गेल्यावर वर्षभराने हेमराजने ठरवलं — "शटर उघडाचाही खर्च निघत नाई" — आणि बंद केलं. बरोबरच होतं. तिनेही मान डोलावली होती. गठ्ठे टेम्पोत भरताना गावातल्या बाया ओट्यावर उभ्या राहून नुसत्या पाहत होत्या, एकही बोलली नाही. हेमराज कुणाकडे पाहत नव्हता. येताना टेम्पो एका नाल्यातून उतरला, चाक चिखलात जरा फसलं, ड्रायव्हरने शिवी हासडली… आणि सरिताच्या कानात, कुठलं कुठून, इतक्या वर्षांनी, लेकरांचा एक आवाज उठला — हजर!

तिचं माहेर वेणेच्याच काठचं, भाजीवाल्यांचं गाव. वांगी, टमाटे, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या डोक्यावर घेऊन नाला ओलांडायचा आणि बाजार गाठायचा. पावसाळ्यात नाला भरला की गाव तुटायचं; मग भाजी जनावरांना, आणि माणसं एकमेकांची तोंडं पाहत बसलेली. शाळा एका खोलीची, मास्तर एकच, महादेवराव गुरुजी, नाला भरायच्या दिवसांत गावातच मुक्काम ठोकणारे. दिवाळी तोंडावर आलेली, तुरी डोक्याच्या वर गेलेल्या, आणि एक दिवस नाल्यापलीकडे जीप दिसली. आता जीप त्या गावाला ठाऊक होती ती एकाच कामाची, लस टोचायच्या. कुणीतरी बोंबललं — "टोचनारे आले वं! टोचनारे आले!" — झालं. आया धावल्या, शाळेच्या खिडकीतून हात घालून लेकरं ओढली, ज्यांना ओढलं नाही ती आपसूक पळाली, आणि अख्खी शाळा तुरीच्या शेतात गुडूप. गुरुजी फळ्यावर बेरीज लिहीत होते. वळून पाहतात तर वर्गात एकटी सरिता. तीही शूर म्हणून नव्हे हं, तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, उठताच येईना.

आणि उतरले ते टोचणारे नव्हतेच. शिक्षण खात्याचे साहेब होते, शाळा ठेवायची की बंद करायची हे पाहायला आलेले.

"एवढीच मुलगी?" साहेबांनी विचारलं.

"नाई साहेब, आहेत… पोट्टे आहेत ना," गुरुजींना घाम फुटलेला, "तुरीत आहेत."

"तुरीत?"

"हो जी. तुरीत."

साहेबांनी गुरुजींकडे असं पाहिलं की सरिताला त्या वयातही लाज वाटली. एका पोरीसाठी सरकार मास्तर पोसत नसते, असं काहीसं म्हणून ते निघाले. गुरुजी मागे मागे, टोपी हातात. संपलंच होतं सगळं — म्हणजे आज कळतं ते, शाळा संपली असती, आणि मी वांग्यांच्या वाफ्यात वाकून… पण नाल्याने लाज राखली. जीप फसली. चारही चाकं चिखलात, इंजिन नुसतं गुरगुरतंय. आणि फसलेली जीप ढकलायला मिळणं हे सुख जगातलं कोणतं लेकरू सोडील? तुरीतून आधी एक डोकं निघालं. मग दुसरं. मग काय विचारता, सगळं शेतच हललं, आणि सुया विसरून, आया विसरून, पोट्टी धो धो नाल्यात उतरली. मुंग्या झटकून सरिताही. जीपला चारी बाजूंनी हात लागले, साहेब आत बसून मागे वळून बघतायत, आणि काठावर महादेवराव गुरुजी — त्यांना काय सुचलं देव जाणे — टोपी डोक्यावर घालून, ताठ उभे राहून, खणखणीत आवाजात हजेरी घेऊ लागले. एक नाव, आणि चिखलातून उत्तर, "हजर!" एक नाव, एक रेटा. "हजर!" जीप हलली. "हजर!" जीप चढली. साहेबांनी काठावर पोचल्यावर कपाळ पुसलं आणि ते हसले, अगदी पोट धरून, आणि शाळा राहिली.

टेम्पोतून उतरून घरी आल्यावर सरिताने तो तक्ता पुन्हा काढला होता. मालदीवचा तो ताडासारखा भार. आणि तिला उधळेपणा दिसेना. तिला एकेका बेटावर, चारी बाजूंनी पाणी, काठावर टोपी घातलेला माणूस हजेरी घेताना दिसू लागला…

"वायगाव गेलं," हेमराज म्हणाला. "पानी पेतं का?"

ती प्यायली. वाक्य अजून घशातच होतं.

हॉलमध्ये विद्यार्थी होते, प्राध्यापक होते, मागच्या रांगेत पिशवी मांडीवर घेतलेला हेमराज होता. बाहेरचे परीक्षक पुण्याचे, किडकिडीत, फार सौम्य बोलणारे. असे सौम्य लोकच कापतात. आधी तक्ते झाले, मग किमती स्थिर कशा धरल्या ते झालं, मग त्यांनी हळूच टाकलं — "मॉरिशस म्हणजे एकच बेट धरून चालताय. रॉड्रिग्ज विसरलात वाटतं?" ती विसरली नव्हती, चौथ्या प्रकरणात ते धाकटं बेट स्वतंत्र मांडलेलं होतं, तिने पान सांगितलं, आणि मागे कुणीतरी 'वा' केलं. मग चष्मा पुसत ते मुद्द्याला आले.

"तुमचा शेवटचा निष्कर्ष. मूठभर मुलांसाठी प्रत्येक बेटावर शाळा, हा खर्च तुम्ही समर्थनीय ठरवता. हे भावनेनं लिहिलंय, बाई. अर्थशास्त्रानं नाही. फेरविचार करावासा वाटतो का?"

सर तिच्याकडे पाहत होते, डोळ्यांनी सांगत होते, म्हणा, म्हणून टाका. वाक्य जिभेवर आलंही. याबाबत अधिक… आणि तिला दिसली ती टोपी. घामेजलेल्या हातातली, चुरगळलेली, साहेबांच्या मागे मागे जाणारी टोपी.

"नाही सर," सरिता म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की तिची तीच दचकली. "मुलं कमी असणं हा मुलांचा गुन्हा नाही. खर्च जास्त येतो तो सरकार उधळं आहे म्हणून नाही, समुद्र मधे आहे म्हणून येतो. मॉरिशसने कमी खर्चात शिकवलं कारण भूगोल त्याच्या बाजूचा होता. मालदीवने भूगोलाविरुद्ध शिकवलं. मी दोघांचा खर्च एकाच मापाने मोजला होता, सर, पहिल्या खर्ड्यात. ती माझी चूक होती." आणि मग, न ठरवता, तिने तुरीची गोष्ट सांगितली. सगळी. टोचणारे, मुंग्या, जीप, हजेरी. हॉल हसत होता, मागची पोरं बाकं वाजवत होती, आणि तिला कुणाचंच काही वाटत नव्हतं.

परीक्षकांनी चष्मा पुन्हा घातला. "ही हकीकत प्रबंधात नाही."

"नाही सर. पण त्या दिवशी साहेबांची जीप फसली नसती, तर आमची शाळाही कुठल्या तक्त्यात राहिली नसती."

त्यांनी प्रबंध मिटला. "ठीक आहे. आपण बाहेर थांबा," म्हणाले.

आता व्हरांड्यातला बाक. आत चर्चा. बाहेर येताना सरांनी मान हलवली, ती कौतुकाची की हताशपणाची, कळलं नाही. आणि नवल म्हणजे तिला ते कळून घ्यायचंही नव्हतं. आपण म्हटलं! म्हटलंच! तळपायापासून काहीतरी वर चढत होतं, ती जीप काठावर आली तेव्हा चढलं होतं तसंच. उठून नाचावं, आनंदाबाईंना हाक मारून सांगावं, की हो, तिथं माझं सगं राह्यते… नापास करा नाहीतर काही करा, 'हजर' म्हणून झालंय माझं. शेजारी हेमराज बसला होता, डबा न उघडता, फरशीकडे पाहत.

"सरिता," तो म्हणाला, "एक विचारू का?"

"विचारा ना."

"तू आत सांगून राह्यली होती… खर्च कोन्या मापानं मोजाचा ते." त्याने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मंग बापूजीचं दुकान मी बंद कराले नको होतं का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. त्या ओट्यावर गप्प उभ्या असलेल्या बाया त्यालाही दिसल्या होत्या तर, आणि तो हे एवढे दिवस एकटाच घेऊन हिंडत होता. आणि आज मागच्या रांगेत बसून या माणसाने तिचा प्रबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला होता, बेटं म्हणून नव्हे, आपल्या घरची गोष्ट म्हणून. दुकान म्हणजे शाळा नव्हे, असं चटकन सांगून त्याला मोकळं करता आलं असतं. पण त्या बायांना लुगड्यासाठी नदी ओलांडावी लागते, तेही खरं. आणि ही दोन दुकानं ओढून ओढून याच्या पाठीत उसण भरायची, तेही खरंच की. कुठलं माप लावायचं इथे? इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर तिला माहीत नव्हतं आणि ज्याने ती घाबरली नव्हती.

"हेमराजजी," ती म्हणाली. असं नाव घेऊन तिने त्याला कधी हाक मारली नव्हती, आणि दोघेही जरा लाजले. "याबाबत अधिक संशोधनाची गरज आहे."

"म्हंजे?"

तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईतो हसू. दार करकरलं, शिपाई बाहेर आला. "म्याडम, आत बोलावून राह्यले."

"आले म्हणा," सरिता म्हणाली, "जरा थांबायला सांगा त्यांना." आणि बाकावर मांडी घालून, नवऱ्याकडे तोंड करून ती नीट बसली. "आता सांगा. त्या दुकानात बापूजीच्या वेळी कोन कोन यायचं?"